राधानगरीची दारे

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर उगम पावणाऱ्या नद्यांची रूपे दोन असतात. वैशाखात त्यांच्या पात्रांत जागोजागी खडक उघडे पडतात आणि गुरे खूर न भिजवता पैलतीरी जातात. आषाढ-श्रावणात त्याच नद्या काठ सोडून शेतांत, रस्त्यांवर आणि घरांत शिरतात. एकाच नदीकाठच्या लोकांना वर्षातून एकदा पाण्याची उणीव आणि एकदा पाण्याचा अतिरेक सोसावा लागतो. या दोन्ही संकटांवर मनुष्याने योजलेला एक मोठा उपाय म्हणजे धरण होय. परंतु पाणी साठविण्यासाठी बांधलेले धरण महापुराच्या वेळी कोणते काम करते? ते केव्हा उपकारक ठरते आणि केव्हा त्याचा इलाज चालत नाही? कोल्हापूरच्या पंचगंगेचा वृत्तान्त पाहिला म्हणजे या प्रश्नांची उत्तरे मिळतात.

कोल्हापूर शहरात वर्षाकाठी सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पण तेथून पश्चिमेस जावे, तसतसा पाऊस वाढत जातो; घाटमाथ्याजवळच्या गगनबावड्यास तो ५,००० मिलिमीटरांहूनही अधिक असतो. या डोंगराळ भागात पडलेले पाणी कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या खाली आणतात. यांच्या जोडीला गुप्त सरस्वती मानून लोकांनी पाच नद्यांची गणना केली व प्रयाग चिखली येथील संगमापुढील प्रवाहास पंचगंगा हे नाव दिले. कोल्हापुरास वळसा घालून ही नदी पूर्वेकडे जाते आणि नृसिंहवाडी येथे कृष्णेस मिळते.

डोंगरातून उतरताना या नद्यांना उतार भरपूर असतो. म्हणून पाणी वेगाने धावते. कोल्हापुरापुढे मात्र भूमी सपाट आहे. तेथे नदी वळणे घेत संथपणे वाहते. वरून पाणी झपाट्याने यावे आणि पुढे ते सावकाश जावे, अशी स्थिती झाली की मध्येच त्याची पातळी चढू लागते. त्यातच नृसिंहवाडीला कृष्णा दुथडी भरून वाहत असली, तर पंचगंगेचे पाणी तिच्यात सहज सामावत नाही. ते मागे तुंबते. या तुंबलेल्या पाण्यास नदीकाठचे लोक ‘फुगवटा’ म्हणतात. अशा वेळी नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पाणी शिरते व दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या दक्षिणद्वाराच्या स्नानासाठी भाविकांची गर्दी होते. त्याच वेळी वरच्या बाजूस कोल्हापुरातील लोक मात्र पाणी किती चढले याची काळजीने चौकशी करीत असतात.

ही चौकशी करण्याचे ठिकाण म्हणजे कसबा बावड्याजवळील राजाराम बंधारा. तेथे पाण्याची पातळी मोजण्याची सोय आहे. पाणी ३९ फुटांवर पोहोचले की इशारा दिला जातो. ४३ फूट ही धोक्याची पातळी होय. हा बंधारा ‘कोल्हापूर पद्धतीचा’ आहे. त्याच्या दगडी खांबांमध्ये उन्हाळ्यासाठी बरगे, म्हणजे फळ्या, बसवितात व पाणी अडवितात. पावसाळा येण्यापूर्वी ते बरगे काढून ठेवतात, म्हणजे पुराचे पाणी निर्वेधपणे पुढे जाते. पाणी केव्हा अडवावे आणि केव्हा सोडावे, हा प्रश्न येथे सोपा आहे. कारण त्याचे उत्तर ऋतूच देतो. मोठ्या धरणावर हाच प्रश्न फार अवघड होतो.

कोल्हापुरात पुराचे पाणी ज्या वस्त्यांत शिरते, त्यांपैकी एक शाहूपुरी होय. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये ही व्यापारपेठ वसविली. आसपासच्या गुऱ्हाळांतील गूळ येथे विक्रीस येऊ लागला आणि कोल्हापुरी गुळाचे नाव दूरवर पोहोचले. या पेठेजवळून जयंती नाला वाहतो व पुढे पंचगंगेस मिळतो. एरवी शहराचे पाणी नदीकडे नेणे हे त्या नाल्याचे काम. परंतु नदीची पातळी नाल्याहून उंच झाली की क्रम उलटतो: नाल्याचे पाणी नदीत जाऊ शकत नाही आणि नदीचे पाणी नाल्यातून शहराकडे येऊ लागते. म्हणूनच नदी दूर दिसत असतानाही शाहूपुरीच्या सखल गल्ल्यांत पाणी उभे राहते.

या गल्ल्यांपैकी कुंभार गल्लीचे दुःख विशेष आहे. गणेशचतुर्थी भाद्रपदात येते, म्हणून मूर्ती घडविण्याचे व रंगविण्याचे काम आषाढ-श्रावणात जोरात चालू असते. नेमके तेच पुराचे दिवस. मूर्तिकाराची वर्षाची कमाई त्या वेळी घरात ओळीने मांडलेली असते. ती मातीची असते, आणि मातीचा व पाण्याचा मेळ बसत नाही. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात व पुन्हा २०२१ च्या जुलै महिन्यात या गल्लीत पुराचे पाणी शिरले, तेव्हा कित्येक मूर्ती भिजून वाया गेल्या.

ज्या शाहू महाराजांनी शाहूपुरी वसविली, त्यांनीच या नदीच्या वरच्या अंगाला धरणाचाही पाया घातला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षांच्या दुष्काळांत त्यांनी प्रजेचे हाल पाहिले होते. डोंगरात एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात शेते करपावीत, ही गोष्ट त्यांच्या मनास पटेना. भोगावतीचे पाणी अडविण्याची योजना १९०७ मध्ये त्यांनी हाती घेतली आणि धरणाजवळच्या गावास आपल्या कन्येच्या नावावरून राधानगरी हे नाव दिले. जलाशयास राणी लक्ष्मीबाईंच्या नावावरून लक्ष्मी तलाव म्हणू लागले. पैशांच्या अडचणींमुळे हे काम रेंगाळले. १९२२ मध्ये महाराजांचे निधन झाले, तेव्हा ते अपुरेच होते. धरण पूर्णत्वास गेले ते स्वातंत्र्यानंतर, १९५० नंतरच्या दशकात. त्याच्या पाण्यावर भोगावतीच्या काठी ऊस उभा राहिला, आणि त्या उसाचा गूळ शाहूपुरीस येऊ लागला. अशा रीतीने डोंगरातील धरण आणि शहरातील पेठ यांचा संबंध जडला.

राधानगरीचा जलाशय पूर्ण भरला म्हणजे त्यात सुमारे ८.३६ अब्ज घनफूट पाणी मावते. अब्ज घनफुटालाच वर्तमानपत्रांत ‘टीएमसी’ म्हणतात. या धरणास सात स्वयंचलित दारे आहेत. जलाशयातील पाणी ठराविक पातळीस पोहोचले की पाण्याच्याच दाबाने दार उघडते, आणि पातळी उतरली की ते आपोआप मिटते. त्यासाठी मनुष्याचा हात लागत नाही, वीज लागत नाही. काळोख्या रात्री वादळाने तारा तुटल्या, रस्ते बंद झाले, तरी ही दारे आपले काम करतात व धरणाचे रक्षण करतात. महाराष्ट्रात अशा प्रकारच्या स्वयंचलित दारांचा प्रयोग १९०३ मध्ये पुण्याजवळ खडकवासला येथे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या या थोर अभियंत्याने केला होता.

राधानगरीच्या एका दारातून दर सेकंदास सुमारे १,४२८ घनफूट पाणी बाहेर पडते. सातही दारे उघडली तर हा आकडा दहा हजारांच्या घरात जातो. तशी ती पूर्ण एक दिवस उघडी राहिली, तर जलाशयात मावणाऱ्या पाण्याच्या सुमारे एक दशांश इतके पाणी खाली जाते. तीन दारे उघडली, पाच उघडली, सातही उघडली, अशा वार्ता आल्या की कोल्हापुरातील नदीकाठचे लोक सावध होतात. राधानगरीहून सुटलेले पाणी शहराजवळ पोहोचण्यास काही तास लागतात. तेवढ्या अवधीत सामान माळ्यावर चढविता येते, गुरे सोडून उंचावर नेता येतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. धरण पूर अडविते काय? याचे उत्तर असे की, पूर अडविण्याचे काम धरणाची भिंत एकटी करीत नाही. ते भिंतीमागची रिकामी जागा करते.

हे एका हिशेबाने ध्यानात येईल. एखाद्या नदीतून दर सेकंदास ११,५७४ घनफूट पाणी वाहिले, तर एका दिवसात जवळजवळ एक अब्ज घनफूट पाणी जमते. समजा, मुसळधार पावसात एका जलाशयात दिवसाला दोन अब्ज घनफूट पाणी येत आहे. तो जलाशय आधीच काठोकाठ भरला असेल, तर येईल तेवढे सर्व पाणी त्यास खाली सोडावेच लागेल. धरण असून नसल्यासारखे होईल. पण त्यात एक अब्ज घनफुटाची जागा रिकामी असेल, तर पहिल्या दिवशी निम्मे पाणी आत ठेवून निम्मेच खाली सोडता येईल. दोन अब्जांची जागा असेल, तर दोन दिवसपर्यंत नदीचा भार निम्म्यावर राहील. दोन दिवसांत पावसाचा जोर ओसरला, तर खालची वस्ती वाचली. पाऊस थांबला नाही, तर मात्र ती जागाही भरते, आणि मग आलेले पाणी पुढे पाठविण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, भरलेले धरण पाणी निर्माण करीत नाही. वरून आलेले पाणी ते पुढे पाठविते. ‘धरणाने पूर आणला’ असे बोलण्यापूर्वी जलाशयात किती पाणी आले व त्यातून किती गेले, हे दोन्ही आकडे पाहावे लागतात. दुसरी अशी की, साठविलेले पाणी अवेळी व एकदम सोडले, तर मात्र पुरात भर पडते. खालची नदी आधीच धोक्याच्या पातळीवर असताना वरून नवा लोंढा आला, तर दोन्ही पाणी एकावर एक चढते.

येथे स्वयंचलित दारांची मर्यादाही दिसून येते. त्यांना केवळ एकच गोष्ट कळते: जलाशयाची पातळी. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी किती फुटांवर आहे, कृष्णेस फुगवटा आहे की नाही, उद्या पाऊस वाढणार की थांबणार, हे दारांना ठाऊक नसते. जलाशय भरेपर्यंत ती मिटलेली राहतात. आधीपासून पाणी कमी करावयाचे असेल, तर ते खालच्या सेवाद्वारातून किंवा वीजगृहातूनच सोडावे लागते. आणि तेथून थोडेच पाणी जाऊ शकते. म्हणून जागा रिकामी करण्याचे काम पाऊस कोसळू लागल्यावर नव्हे, तर त्यापूर्वी कित्येक दिवस आरंभावे लागते. दारे स्वयंचलित असली, तरी दूरदृष्टी मनुष्यालाच ठेवावी लागते.

मग जुलै महिन्यात सर्वच धरणे अर्धी रिकामी का ठेवू नयेत? असा प्रश्न कोणासही सुचेल. परंतु त्याच वेळी भोगावतीकाठचा शेतकरी दुसरा प्रश्न विचारतो: ऑगस्टनंतर पाऊस पडलाच नाही तर? पावसाळ्याचे चार महिने संपल्यावर पुढील आठ महिने ऊस, भाजीपाला व गावोगावचे पिण्याचे पाणी या साठ्यावरच अवलंबून असते. जुलैमध्ये पाणी सोडून दिले आणि पुढे पावसाने दगा दिला, तर मे महिन्यात दोष कोणास द्यावयाचा? कुंभार गल्लीतील मूर्तिकारास ऑगस्टमध्ये रिकामे धरण हवे असते. शेतकऱ्यास ऑक्टोबरमध्ये भरलेले धरण हवे असते. दोघांचेही म्हणणे न्याय्य आहे, आणि धरण मात्र एकच आहे.

या दोन न्याय्य मागण्यांचा मेळ घालण्यासाठी धरणाचे अधिकारी एक वेळापत्रक आखतात. त्यास ‘जलाशय परिचालन सूची’ म्हणतात. पावसाळ्याच्या कोणत्या तारखेस जलाशय किती भरलेला असावा, हे त्या सूचीत लिहिलेले असते. आरंभी बरीच जागा रिकामी ठेवावयाची, पावसाचे दिवस सरत जातील तसतशी ती भरत न्यावयाची, आणि पावसाळा संपताना जलाशय पूर्ण करावयाचा, असा तिचा सर्वसाधारण क्रम असतो. गेल्या वर्षांच्या पावसाच्या नोंदी हा या सूचीचा आधार. पण पाऊस सूची वाचून पडत नाही; म्हणून हवामानाचा अंदाज, वरच्या भागातील पर्जन्यमापकांचे आकडे आणि खालच्या नदीची पातळी पाहून रोज नवा निर्णय घ्यावा लागतो.

परदेशांतही हाच विचार झालेला आहे. अमेरिकेत टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी १९३३ मध्ये एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली. त्या खोऱ्यात हिवाळ्यात व वसंत ऋतूच्या आरंभी पुराचे भय असते. म्हणून त्यापूर्वीच तेथील अनेक जलाशयांची पातळी खाली आणून ठेवतात. त्याच धर्तीवर भारतात १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले, आणि तेथील धरणे बांधताना पुरासाठी निराळी जागा राखण्यात आली. एका नदीवरील सर्व धरणांनी एकमेकांच्या विचाराने चालावे, हे तत्त्व या प्रयत्नांत आहे.

पंचगंगेलाही हेच तत्त्व लागू पडते. भोगावतीवर राधानगरी आहे, तशी तुळशी, कुंभी व कासारी या नद्यांवरही धरणे आहेत. सर्वांनी एकाच दिवशी पाणी सोडले, तर प्रयाग चिखलीच्या संगमावर सर्व लोंढे एकत्र येतील. आळीपाळीने सोडले, तर तेच पाणी नदीस पेलवेल. पुढे कृष्णेच्या वरच्या अंगास कोयना नदीवरील प्रचंड जलाशय आहे आणि खालच्या अंगास कर्नाटकातील अलमट्टी आहे. अलमट्टीच्या पाण्याचा फुगवटा किती दूर पोहोचतो याविषयी दोन्ही राज्यांत मतभेद आहेत. तथापि पावसाळ्यात परस्परांस आकडे कळविणे व सल्लामसलतीने पाणी सोडणे आवश्यक आहे, हे दोन्हीकडील अधिकाऱ्यांनी मान्य केले आहे. नदीस राज्याची सीमा कळत नाही. म्हणून ती ओलांडून मनुष्यांनी एकमेकांशी बोलावे लागते.

एवढे करूनही धरणांची शक्ती मर्यादित आहे, हे २०१९ च्या महापुराने दाखवून दिले. त्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घाटमाथ्यावर व सखल भागातही अखंड पाऊस कोसळला. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांच्या वर चढले; म्हणजे धोक्याच्या पातळीहून ते १२ फूट उंच होते. चिखली, आंबेवाडी यांसारख्या गावांतील माणसे व जनावरे बाहेर काढावी लागली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि कोल्हापुरास येणारे दूध, भाजी व इंधन कित्येक दिवस अडून राहिले. जलाशय तर भरलेच होते. पण धरणांच्या भिंतींच्या खाली, मोकळ्या खोऱ्यात पडलेले पाणीही अपार होते. ते पाणी कोणत्याच धरणाच्या दारातून जात नाही. ओढ्या-नाल्यांतून ते सरळ नदीस मिळते. त्यास अडविणारे दार कोठेच नाही.

म्हणून नदीसाठी दोन ठिकाणी जागा राखावी लागते: एक डोंगरात, जलाशयाच्या पोटात, आणि दुसरी सपाटीवर, नदीच्या दोन्ही काठांस. ही दुसरी जागा कोठवर आहे हे दाखविण्यासाठी शासनाने निळी व लाल अशा पूररेषा आखल्या आहेत. निळ्या रेषेच्या आत नेहमीचे पूर येतात. लाल रेषेपर्यंत क्वचित येणारा महापूर पोहोचतो. त्या रेषांच्या आत भराव घालून घरे बांधली किंवा नाल्याचे पात्र अरुंद केले, तर नदीची जागा कमी होते, आणि ती आपली वाट दुसऱ्याच्या अंगणातून काढते. वरच्या धरणात कष्टाने राखलेली जागा खालच्या शहरात भराव घालून गमावली, तर त्या राखण्याचा लाभ काय?

पावसाळा आला की राधानगरीच्या भिंतीवर रात्रंदिवस पहारा असतो. जलाशयाची पातळी ठराविक वेळाने नोंदली जाते आणि ती कोल्हापुरास कळविली जाते. राजाराम बंधाऱ्याजवळचा आकडा वर कळविला जातो. शाहूपुरीतील मूर्तिकार हे आकडे लक्षपूर्वक ऐकतात आणि पाणी येण्यापूर्वी मूर्ती उंच जागी हलवितात. भोगावतीकाठचा शेतकरीही तेच आकडे ऐकतो व पुढील उन्हाळ्याचा अंदाज बांधतो. एकाच आकड्यात एकास भय दिसते व दुसऱ्यास आशा. दोघांचेही हित सांभाळून दार केव्हा उघडावे हे ठरविणे, हीच धरण चालविण्याची विद्या होय.

स्वाध्याय

१. पंचगंगेचे पाणी कोल्हापुराजवळ का तुंबते? दोन कारणे सांगा.
२. जयंती नाल्यातील पाण्याचा क्रम पुराच्या वेळी कसा उलटतो?
३. ‘पूर अडविण्याचे काम भिंतीमागची रिकामी जागा करते’ हे विधान हिशेबाने स्पष्ट करा.
४. स्वयंचलित दारांचे गुण व मर्यादा लिहा.
५. मूर्तिकार व शेतकरी यांच्यातील संवाद आठ-दहा ओळींत लिहा. दोघांचेही म्हणणे त्यात यावे.
६. आपल्या गावाजवळच्या नदीवर, ओढ्यावर किंवा तलावावर जाऊन, मोठ्या माणसांच्या सोबतीने, पुराच्या खुणा पाहा व वडीलधाऱ्यांकडून त्यांची माहिती मिळवा.